वगळलेले सदतीस दिवस

सोमवार, २४ डिसेंबर २००१. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भूसंपादन ऑफिसातल्या कारकुनानं गिरजाचा अर्ज वाचून संपवला आणि टेबलावरून तिच्याकडं परत सरकवला.

"मुदत संपलीय," तो म्हणाला. "पुढे कोण?"

पुढे कोणीच नव्हतं. टेबलासमोर गिरजा उभी होती आणि तिच्यामागं एका पायावर भार देऊन तिचा नवरा धाऊ. पहाटे चारला घर सोडून, शेणव्यापर्यंत चालत, तिथून एसटीनं शहापूर, मग आसनगावहून गाडी, असं करत दोघं इथवर आले होते. धाऊच्या उजव्या खुब्यात दोन वर्षांपासून कळ होती. खुर्ची रिकामी होती, पण बस असं कोणी म्हटलं नव्हतं.

"सायब, मुदत उद्या संपते," गिरजा म्हणाली. "उद्या नाताळची सुट्टी, म्हणून आज आलो."

"उद्या कुठून आली? कोर्टाचा निवाडा अठ्ठावीस ऑगस्टचा. तीन महिने म्हणजे अठ्ठावीस नोव्हेंबर. आज चोवीस डिसेंबर. सव्वीस दिवस उशीर. उद्या संपते म्हणून कोणी सांगितलं?"

गिरजानं मागं पाहिलं. धाऊनं सदऱ्याच्या खिशातून सुंभाचा वीतभर तुकडा काढला. त्याला दोन गाठी होत्या.

"निवाडा झाला तो गणपतीतल्या दशमीला," धाऊ म्हणाला. "ही गाठ दसऱ्याची. एक महिना. ही कार्तिकातल्या दशमीची. दोन. उद्या मार्गशीर्षातली दशमी. झाले तीन."

कारकून पेन खाली ठेवून त्या सुंभाकडं बघत राहिला. मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं आणि बोटं मोजली. "गणपतीपासून दसऱ्यापर्यंत एकच महिना? यंदा दोन होते."

"मधला धोंड्याचा. तो धरत नाय."

कारकुनाला हसू आवरेना. "अहो, ऐकलंत का?" त्यानं पलीकडच्या टेबलाला हाक मारली. "धोंड्याचा महिना धरत नाहीत म्हणे. आजोबा, सरकारला धोंड्याचा महिना नसतो."

"पगार मात्र त्या महिन्यातही घेतो हो आम्ही," पलीकडून आवाज आला.

"जावयाला अनारसे घातलेत ना? मग झालं तर. पुण्य पदरात पडलं."

चार टेबलं हसली. दारातला शिपाई हसला. आणि सुंभ हातात धरून धाऊही हसला. लोक आपल्यावर हसत असताना माणूस त्यांच्यात सामील होतो, तसं. गिरजाला बाकीच्यांचं काही वाटलं नाही. धाऊचं ते हसणं तिला सोसलं नाही.

"अर्ज घेत नाय ना?" तिनं विचारलं.

"नाही घेत."

"मग तसं लिहून द्या. घेत नाय म्हणून. खाली सही करा."

"तशी पद्धत नाही, बाई."

"हसायची हाय, लिहायची नाय?"

कारकुनाचा चेहरा बदलला. "निघा आता. कामं आहेत."

तिनं अर्ज उचलला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी चोळीजवळ पदराखाली दाबली. बाहेर जिन्यावर धाऊला एकेक पायरी उतरायला वेळ लागला. अर्ध्या जिन्यात तो म्हणाला, "चूक माझी हाय."

"गप चला," गिरजा म्हणाली.

*

जमीन गिरजाची होती, म्हणजे तिच्या बापाची. बापाला मुलगा नव्हता. धाऊ घरजावई म्हणून जांभूळखोऱ्यात आला आणि चाळीस वर्षं राबला. ओढ्याच्या काठची सव्वादोन एकर भाताची जमीन, तिच्यात चिखलणीला गुडघा बुडायचा. एक्क्याण्णव साली बंधाऱ्यासाठी सरकारनं ओढ्याकाठची सगळी शेतं मोजली, ब्याण्णव साली पैसे वाटले आणि त्र्याण्णवच्या पावसाळ्यात पाणी चढलं. पैसे घेताना अंगठे घेतले. कमी वाटत असेल तर सहा आठवड्यांत हरकत नोंदवा, हे कागदावर छापलेलं होतं. अंगठे देणाऱ्यांपैकी कोणी ते वाचलं नाही. वरच्या आळीचा गोमा तेवढा वाचू शकणारा होता. त्यानं हरकत नोंदवली, वकील दिला, नऊ वर्षं तारखा केल्या. २८ ऑगस्टला कोर्टानं त्याला तिपटीनं भाव वाढवून दिला.

गोमाचं शेत आणि गिरजाचं शेत यांच्यामध्ये हातभर रुंदीचा एक बांध होता. आता दोन्ही पाण्याखाली होती आणि बांधही.

एकाला वाढवून मिळालं की कायद्याच्या अठ्ठावीस-अ कलमानं त्याच बंधाऱ्यात गेलेल्या बाकीच्यांनाही तोच भाव मागता येतो, मात्र तीन महिन्यांच्या आत अर्ज हवा, हे गावात सगळ्यांना कळलं होतं. गिरजा कोर्टात जाऊन निवाड्याच्या नकलेसाठी अर्ज करून आली. महिने मोजायचं काम धाऊनं घेतलं. या घरात येऊन आपण कधी काही चुकवलं नाही, एवढीच एक गोष्ट त्याच्याकडं स्वतःची म्हणून होती. पेरणीचे, बैल देण्याघेण्याचे, गाभण गाईचे, सगळे महिने तो माळ्याच्या खांबाला सुंभ बांधून मोजायचा आणि धोंड्याचा महिना त्यात कधी यायचा नाही. त्या महिन्यात नवं काम धरायचं नाही, सोयरीक करायची नाही, खरेदी करायची नाही. ज्या महिन्यात काही करायचंच नाही तो मोजायचा कशाला?

त्या सोमवारी घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. धाऊनं सुंभ खांबाला परत बांधला नाही. चुलीजवळ ठेवला. गिरजानं तो उचलून पिशवीत अर्जाबरोबर टाकला.

"जाळून टाक," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. लागेल."

"कशाला लागेल?"

"नाय लागला तर मग जाळा."

*

मंगळवारी सकाळी ती जयरामकडं गेली. जयराम कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होता; निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बौद्धवाडीच्या टोकाला त्याचं पत्र्याचं घर. त्याचीही पाऊण एकर बंधाऱ्यात गेली होती. अंगणात बाजेवर बसून तो विळ्याला धार लावत होता. त्याची बायको कमळाबाई पापडी वाळत घालत होती.

"ये गिरजाबाय," जयराम म्हणाला. "काय झालं? काल गेलीवतीस ना?"

तिनं सांगितलं. सुंभाचंही सांगितलं. जयराम हसला नाही, पण दगडावर विळा फिरवायचा त्याचा हात थांबला.

"धोंडा धरला नाय त्यानं?"

"नाय."

"आमच्यात बारा महिन्याचंच वर्ष असतं गो. रेल्वेनं कधी तेरावा दिला नाय." मग जरा थांबून, "मी सव्वीस नोव्हेंबरला दिला माझा अर्ज. धाऊला सांगितलं होतं, बाबा, तीन महिने हायत, टाइम बघ. मला म्हणाला, तू मला महिने नको शिकवू. मग नाय शिकवलं."

"मला सांगायचं होतं."

"तुझ्या घरात मी तुझ्या नवऱ्याला ओलांडून बोलू?"

"जमीन माझी ना?"

कमळाबाई वाटीतलं पीठ हलवत म्हणाली, "बरोबर बोलली ती. तुमी पुरुष एकमेकांची अब्रू राखता, आनि कागद आमी घेऊन फिरायचे."

जयरामनं विळा बाजूला ठेवला. "दाखव काय हाय तुझ्याकडं."

तिनं पिशवी उघडली. अर्ज, सातबारा, जुनी नोटीस, निवाड्याची झेरॉक्स. जयरामनं झेरॉक्स उलटसुलट केली. मागची बाजू कोरी होती.

"मूळ नक्कल कुठाय? शिक्क्याची?"

"घरी. पेटीत. ती खराब होईल म्हणून झेरॉक्स नेली."

"झेरॉक्सवाल्यानं पुढचीच बाजू काढली. जा, मूळ घेऊन ये."

ती घरी जाऊन आली. जयरामनं चष्मा लावला, नकलेचं शेवटचं पान पालथं केलं आणि अंगठ्यानं एक जागा दाबून धरली. तिथं जांभळा शिक्का होता आणि शिक्क्यात शाईनं भरलेल्या तीन तारखा.

"वाच."

साक्षरतेच्या वर्गात गिरजा सही शिकली होती आणि आकडे शिकली होती. अक्षरं तिला अजून अडायची, आकडे नाही. "तीन नऊ. नऊ दहा. सतरा दहा."

"नकलेसाठी अर्ज केला, तीन सप्टेंबर. नक्कल तयार झाली, नऊ ऑक्टोबर. तुझ्या हातात दिली, सतरा ऑक्टोबर. ह्या तीन तारखा तू त्या कारकुनाला दाखवल्या नाय."

"त्यानं इचारल्या नाय."

"तो कशाला इचारेल?" जयराम आत जाऊन पातळ पिवळ्या कागदाची एक पुस्तिका घेऊन आला. कल्याणच्या वकिलानं त्याला अर्जाबरोबर ती दिली होती. त्यानं दुमडलेलं पान काढलं आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. "तीन महिन्यांची मुदत मोजताना, निवाडा दिला तो दिवस आणि निवाड्याची नक्कल मिळण्यास लागलेला काळ वगळण्यात येईल." त्यानं वर पाहिलं. "वगळण्यात येईल. म्हणजे धरायचा नाय."

गिरजा पुस्तिकेतल्या त्या ओळीवर वाकली.

"कळलं का? कोर्टानं नक्कल द्यायला जेवढे दिवस खाल्ले, तेवढे तुझ्या मुदतीत मोजायचे नाय. कायद्यानंच सोडलेत."

"किती दिवस?"

जयरामनं बोटांच्या पेरांवर मोजलं, मग खात्रीसाठी कमळाबाईकडून खडू मागवून अंगणातल्या फरशीवर मांडलं. सदतीस. अठ्ठावीस नोव्हेंबरच्या पुढे सदतीस. "चार जानेवारी. शुक्रवार. तोवर तुझी मुदत हाय."

"सतरा तारखेपर्यंत धरा की. सतराला मिळाली."

"नऊला तयार होती. नऊ ते सतरा तिथं पडून का ऱ्हायली?"

गिरजानं खाली पाहिलं. नऊ ऑक्टोबर धोंड्यात होता. तेव्हा ती न्यायला निघाली होती आणि धाऊनं अडवलं होतं: या महिन्यात कसला कागद घरात आणतेस, घट बसू दे, मग आण. घट बसले त्या दिवशी तिनं नक्कल आणली होती.

"ते आठ दिवस तुमचे," जयराम म्हणाला. "ते भांडायला ठेव, पण भरवसा सदतिसाचा धर."

त्या सदतीस दिवसांत ती कोर्टात चार वेळा गेली होती. एकदा टायपिस्ट रजेवर, एकदा मशीन बंद, एकदा फी कमी पडली म्हणून, एकदा नुसतंच उद्या या. तेव्हा तिनं प्रत्येक वेळी त्या टेबलाला मनात शिव्या घातल्या होत्या. आता तेच फुकट गेलेले दिवस शिक्का मारून तिच्या हातात होते.

"म्हणजे सरकारचा पण धोंडा असतो," ती म्हणाली.

कमळाबाईला पापडी हातातली हातात ठेवून हसावं लागलं. जयरामही आता हसला. "असतो गो. फक्त तो छापलेला असतो."

*

बुधवारी खळ्यावर झोडणी होती. शेत गोमाचं, पाण्यातून वाचलेलं; धाऊ आणि गिरजा ते अर्धेलीनं करत. स्वतःची जमीन पाण्यात गेल्यापासून त्यांच्याकडं राहिलं ते फक्त टेकाडावरचं वरकस, नागलीपुरतं. भाडोत्री भातात पाय बुडवायचे, निम्मं गोमाच्या कणगीत टाकायचं. वाढीव पैसे आले तर वरकसाखालचा एक तुकडा विकत मिळण्यासारखा होता. तो छोटा होता, पण त्यात पाणी उभं राहायचं.

सकाळी सातपासून गिरजा भारा उचलून फळीवर आपटत होती. पहिल्या आपटीला दाणा सुटतो, दुसऱ्या-तिसऱ्याला उरलेला. मग पेंढा मागं फेकायचा. तूस मानेला चिकटून घामात चावत होतं. धाऊला उभं राहून झोडता येत नव्हतं. तो बसून सुपानं उफणत होता. कालपासून तो जेवढ्यास तेवढं बोलत होता.

दहाच्या सुमारास गोमा वाटणीला आला. सत्तरीचा, पांढरं धोतर, हातात छत्री. राशीभोवती एक फेरी मारली.

"गिरजे, अर्ज परत दिला म्हणे तुझा."

"कोण म्हणालं?"

"एसटीत ऐकलं. धोंडा मोजला नाय म्हणे धाऊनं." त्यानं धाऊकडं पाहिलं. "जावईबापू, पोथी चुकली काय?"

धाऊ सूप हलवत राहिला.

"जाऊ दे गो," गोमा म्हणाला. "नऊ वर्षं वकिलाच्या दारात मी बसलो, खर्च मी केला. तुमी अंगठा दिलात नि गप बसलात. आता माझ्या कष्टाचा भाव तुमाला आयता कसा?"

गिरजानं हातातला भारा आपटला, दोनदा, तीनदा, आणि पेंढा फेकून मगच वळली. "गोमाभाऊ, तुमच्या नि माझ्या शेतात बांध केवढा होता?"

"कशाला?"

"सांगा की."

"असेल हातभर."

"त्या हातभरावर तुमच्या कोंबड्या माझ्यात यायच्या. माझं पाणी तुमच्यात उतरायचं. मग तुमची माती सोन्याची नि माझी शेणाची, हे कुणी ठरवलं? कोर्टानं मातीचा भाव केलाय. तुमच्या वकिलाचा नाय केला."

खळ्यावरच्या दोन बायका हात थांबवून बघायला लागल्या. गोमानं छत्री काखेत मारली. "मुदत गेली तुझी. माती काय करेल?"

"नाय गेली. चार जानेवारीपर्यंत हाय."

सूप थांबलं. धाऊनं पहिल्यांदा मान वर केली. तिनं त्याला हे सांगितलं नव्हतं.

गोमा गेल्यावर धाऊ म्हणाला, "चार जानेवारी कुठनं आली?"

"कोर्टानं नक्कल द्यायला जे दिवस लावले ते धरायचे नाय. कायद्यात हाय. जयरामदादांनी काढलं."

"मला कधी सांगणार होतीस?"

"तुमी काल इचारलंत का, कुठं गेलीवतीस?"

त्यानं राशीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर."

"त्या जिन्यानं तुमचा खुबा जाईल. मी एकटी जाते. मला थोडा पेंढा भिजवून द्या."

"पेंढा? कशाला?"

"बसावं लागलं तर हात रिकामे नकोत."

*

गुरुवारी, सत्तावीस डिसेंबरला, ती गेली तेव्हा तो कारकून रजेवर होता. दुसऱ्या कोणी अर्ज घेतला नाही. आवक त्यांच्याकडंच असते, म्हणाले. एक तारखेनंतर या. तिनं विचारलं, एक तारखेनंतर म्हणजे कधी? दोनला या.

बुधवार, २ जानेवारी २००२. साडेदहाला ऑफिस उघडलं तेव्हा गिरजा दारात उभी होती. हातात कागदांची पिशवी, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला पेंढा, पाठीवर भाकऱ्यांचं गाठोडं.

कारकुनानं तिला ओळखलं. "तुम्ही परत? सांगितलं ना, मुदत संपली."

"मागं बघा," गिरजा म्हणाली.

त्यानं वळून भिंतीकडं पाहिलं.

"तिकडं नाय. कागदाच्या मागं." तिनं मूळ नक्कल पालथी करून टेबलावर ठेवली. "ह्या तीन तारखा. तीन नऊ, नऊ दहा, सतरा दहा. नकलेचे दिवस वगळायचे. मुदत शुक्रवारपर्यंत हाय."

त्यानं तारखांवरून नजर फिरवली. एवढं ती पाहत होती: त्यानं तारखा वाचल्या, आणि वाचल्यावर त्याचा डोळा क्षणभर टेबलावरच्या कॅलेंडरकडं गेला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कायद्यात हाय ना?"

"कायद्यात पुष्कळ असतं. ते साहेब ठरवतील. साहेब नाहीत आज."

"मग सायबांनी ठरवायसाठी तुमी घ्या. घेतलाच नाय तर ते ठरवतील काय?"

"बाई, जेवणानंतर या."

"मी कुठं जात नाय."

ती टेबलाच्या बाजूला, आवक रजिस्टरच्या कपाटाला पाठ लावून फरशीवर बसली. फडकं सोडलं, पेंढ्याच्या काड्या काढल्या आणि बंध वळायला लागली. भारे बांधायला लागतात ते हातभर लांबीचे बंध. दोन्ही तळव्यांत काडी फिरवायची, टोक अंगठ्याखाली धरायचं, नवी काडी घालायची. घरच्या ओटीवर बसावं तशी ती बसली होती.

शिपाई आला. "इथं काय चाललंय? कचरा होतोय."

"मी झाडून जाईन."

"उठा इथून."

"अर्ज घेतला की उठते."

बारा वाजले. लोक येत होते, तिच्या पायांना वळसा घालून टेबलाशी जात होते. प्रत्येक जण विचारायचा, या कशाला बसल्यात? कारकून काही बोलायच्या आत गिरजाच सांगायची, आवाज न चढवता: "माझा अर्ज मुदतीत हाय. हे घेत नायत." एकानं विचारलं, कुठल्या तुम्ही? शहापूरकडच्या? आमचाही आहे हो एक अर्ज इथे, मुरबाडचा. मग तो माणूस गेला नाही. बाकावर बसून राहिला, काय होतंय ते बघत.

एक वाजता तिनं भाकरी सोडली, चटणीबरोबर खाल्ली, लोटा घेऊन पाणी पिऊन आली आणि परत त्याच जागी बसली. बंधांची जुडी गुडघ्याएवढी झाली होती.

"किती वेळ बसणार?" कारकुनानं विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"शुक्रवारपर्यंत. तीन दिवसाच्या भाकऱ्या आणल्यात. रात्री स्टेशनवर झोपेन. शुक्रवारी तुमी कुलूप लावेपर्यंत माझी मुदत हाय, सायब. मला घाई नाय. तुमाला असेल."

बाकावरचा मुरबाडचा माणूस खाकरला.

साडेतीनला साहेब आले. बाहेरच्या दौऱ्यावरून आले होते, बुटांना लाल माती होती. दारातून आत पाऊल टाकताच त्यांच्या बुटाखाली पेंढा चिरडला.

"हे काय आहे? गोठा केलाय का?"

कारकून उभा राहिला. शिपाई काही सांगू लागला. गिरजा गुडघ्यावर हात टेकून उठली. पाय आखडले होते, एकदा कपाटाला धरावं लागलं.

"सायब, अठ्ठावीस-अचा अर्ज हाय. मुदतीत हाय. घेत नाय म्हणतात, लिहून पण देत नाय." तिनं नक्कल पालथी करून पुढं धरली.

साहेबांनी ती घेतली. उभ्याउभ्या मागचा शिक्का वाचला, पुढचं पान उलटून निवाड्याची तारीख पाहिली. तोंडातल्या तोंडात काही मोजलं.

"हिनंच नकलेला अर्ज केला होता?"

"माझं नाव हाय त्यावर."

साहेबांनी नक्कल परत दिली. कारकुनाकडं न बघता म्हणाले, "आवक करून घ्या. मुदतीचं सुनावणीत बघू. आणि ही जागा साफ करून घ्या." ते आत गेले.

कारकुनानं रजिस्टर ओढलं. आवक क्रमांक सतरा. शिक्का उचलला, तारीख फिरवली, अर्जावर मारला, मग तिच्याकडच्या प्रतीवर मारला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मग लाल पेन उघडून त्यानं अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला.

"ते लाल काय लिहिलंत?"

"ते ऑफिसचं असतं."

"अर्ज माझा हाय. वाचून दाखवा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग बाकावरच्या माणसाकडं. "मुदतबाह्य. दिसायला तसं दिसतंय, म्हणून शेरा मारावा लागतो."

"बरं. मग त्याच्या खाली त्या तीन तारखा लिहा."

"कशाला?"

"सायब फाइल उघडतील तेव्हा वरचं वाचतील नि मिटतील. खाली तारखा असल्या की थांबतील. तुमी तुमचं लिहिलंत, आता माझं लिहा."

"अहो, नक्कल जोडलीच आहे ना!"

"नकलेच्या मागं कोण बघतं? तुमी बघितलंत का, त्या दिवशी?"

पलीकडच्या टेबलावरचा, पगाराचा विनोद करणारा, खाली मान घालून काहीतरी लिहीत होता. कारकुनानं पेन पुन्हा उघडलं आणि लाल शब्दाखाली लाल शाईनंच लिहिलं: नकलेचा अर्ज ३-९, तयार ९-१०, दिली १७-१०. गिरजानं वाकून एकेक आकडा बोटानं तपासला. दुसऱ्या तारखेतला नऊ त्याच्या हातून सातासारखा आला होता.

"हा सात झालाय. नऊ करा."

त्यानं नऊ केला.

तिनं खाली बसून पेंढ्याचा चुरा पदरानं गोळा केला, फडक्यात बांधला, बंधांची जुडी काखेत मारली. दारात मुरबाडचा माणूस तिच्या मागं आला. "मावशी, त्या मागच्या शिक्क्याचं जरा मलाही सांगा."

तिनं जिन्यातच त्याची नक्कल पालथी करून घेतली.

*

घरी पोचायला रात्रीचे नऊ झाले. धाऊ जागा होता. तिनं शिक्क्याची प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं शिक्का चिमणीजवळ धरून पाहिला, दुमडून पिशवीत ठेवला आणि पिशवीतून सुंभ काढला. तिसरी गाठ मारायची राहिली होती. ती त्यानं मारली नाही. त्यानं दसऱ्याच्या गाठीच्या अलीकडं, जिथं काहीच नव्हतं तिथं, नखानं सुंभ उकलून एक बारीक गाठ घातली. मग उठून सुंभ खांबाला बांधला.

"झोडणीला उद्या लवकर जाऊ," तो म्हणाला.

*

त्या साली अर्जावर काही झालं नाही. २००३ च्या फेब्रुवारीत गिरजानं चौकशी केली तेव्हा फाइल पडताळणीला आहे, असं सांगण्यात आलं. साहेबांची बदली झाली होती. कारकून तोच होता. त्यानं तिला ओळखून फाइल स्वतः काढून दाखवली. लाल शब्द आणि त्याखालच्या तीन तारखा जागच्या जागी होत्या. जयरामच्या अर्जावर लाल शब्द नव्हता, पण तोही त्याच गठ्ठ्यात होता. गोमाचे पैसे मिळाले नव्हते. सरकारनं वरच्या कोर्टात अपील केलं होतं. वरकसाखालचा तुकडा दुसऱ्या कोणी घेतला.

२००४ च्या जुलैत नोटीस आली. मुदतीच्या मुद्द्यावर सुनावणी, शुक्रवार, ६ ऑगस्ट, दुपारी बारा. गिरजानं आकडे वाचले आणि कॅलेंडर पाहिलं. अठरा जुलैपासून अधिक श्रावण लागणार होता. नोटीस तिनं धाऊपुढं ठेवली.

"धोंड्यात पडलीय," धाऊ म्हणाला.

"पडलीय."

"किती वाजता निघायचं?"

सहा ऑगस्टला दोघं पहाटेच्या काळोखात निघाले, पावसात, एका छत्रीत. जिना चढायला धाऊला दहा मिनिटं लागली. बारा वाजता त्यांची नावं पुकारली नाहीत. सव्वादोनला कळलं की नवे साहेब बैठकीला गेले आहेत. पुढची तारीख कळवण्यात येईल. गिरजानं ते लिहून मागितलं. कारकुनानं एका कोऱ्या कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं: आज रोजी अर्जदार हजर. सुनावणी झाली नाही.

त्या कागदावर पुढच्या तारखेची जागा मोकळी आहे. तो आता पेटीत, नकलेच्या वर आहे.